स्वयंसेविकेच्या मागे कोण?

२०१८ च्या उन्हाळ्यात भारतभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. रस्त्यावर मुले खेळत आहेत, दुचाकीवरून दोघे येतात, त्यातल्या एका मुलाला उचलतात आणि दिसेनासे होतात. ही चित्रफीत मुळात कराचीची. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती तयार करवून घेतली होती. मूळ फितीच्या शेवटी तेच दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या फितीतून नेमका हा शेवट कापलेला होता. मे महिन्यात बंगळूरुमध्ये, पोटापाण्यासाठी राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला मुले पळवणारा समजून जमावाने ठार मारले. जूनमध्ये आसामातील कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दोन तरुणांचा असाच बळी गेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मारण्यात आले. त्रिपुरात तर, अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी सरकारनेच नेमलेल्या माणसाला जमावाने संपवले.

या जमावांतील बहुतेकांची, आपण मुलांचे रक्षण करत आहोत, अशीच समजूत होती. त्यांना कोणी नेमले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. ते आपणहून धावून आले होते. स्वयंसेवेचे हे विद्रूप रूप आठवणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. वस्तीतील नागरिकांनी बालसंरक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे, असे आवाहन सरकारी परिपत्रकांपासून संस्थांच्या पत्रकांपर्यंत सर्वत्र आढळते. आवाहन योग्यच आहे. पण स्वयंसेवकाने पाहायचे कोणाकडे, पाहिलेले सांगायचे कोणाला आणि सांगितल्यानंतर त्याच्या पाठीशी उभे कोण राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरल्याखेरीज असा कार्यक्रम सुरू करणे धोक्याचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीत आहे आणि ते पुष्कळांना रुचत नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत चित्र अधिकच ठसठशीत दिसते. पॉक्सो कायद्याखालील गंभीर लैंगिक अत्याचारांच्या सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या परिचयाचा असतो: नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा स्नेही, मालक. (दाखल गुन्ह्यांचे आकडे हे तक्रार करण्याच्या धाडसाचेही आकडे असतात, हे लक्षात घेऊनही प्रमाणाचा रोख बदलत नाही.) म्हणजे गावाच्या वेशीवर काठी घेऊन उभा राहणारा पहारेकरी चुकीच्या दारावर उभा आहे.

शहरांतील गृहनिर्माण संकुलांनी हीच चूक अधिक खर्चिक पद्धतीने केली आहे. उंच भिंती, फाटकावरील नोंदवही, जिन्याजिन्यावरील कॅमेरे, पाहुण्यासाठी मोबाइलवर येणारी परवानगीची सूचना, हा सारा बंदोबस्त बाहेरच्यासाठी असतो. घरकाम करणाऱ्या मुलीचे आधारपत्र फाटकावर पाहिले जाते, पण तिच्या वयाकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरकामासाठी १४ वर्षांखालील मुलांना ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने तर, कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायात शाळा सांभाळून केलेली मदत आणि बालकलावंतांसारखे अपवाद वगळता, १४ वर्षांखालील कोणत्याही मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरले. तरीही सातव्या मजल्यावर दुसऱ्याचे बाळ कडेवर घेऊन उभी असलेली बारा वर्षांची मुलगी संकुलाच्या सुरक्षा समितीला दिसत नाही. ती त्यांच्या लेखी संरक्षणाचा विषय नाही. ती सोयीचा भाग आहे.

नजर कशी असावी, याचे उत्तर खेड्यांत अधिक स्पष्टपणे सापडते. बिहारमधील गया आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुलांना जयपूरच्या लाखेच्या बांगड्यांच्या कारखान्यांत नेले जाते, हे गेली अनेक वर्षे छाप्यांतून आणि खटल्यांतून उघड होत आले आहे. नेणारा बहुधा अनोळखी नसतो. तो गावातला किंवा शेजारच्या गावातला असतो, आई-वडिलांच्या हाती काही रक्कम ठेवतो, सणावाराला मुलगा परत येईल असे सांगतो. महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांना मुकादमाची ‘उचल’ ठाऊक आहे. जात तीच, फक्त येथे हात दहा-बारा वर्षांचे. हे थांबवायचे तर रेल्वे स्थानकावरचा शिपाई उशिराचा ठरतो. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, त्याच्या घरात अचानक पैसे आले, तीन घरांतली तीन मुले एकाच माणसाबरोबर जाणार आहेत, ही माहिती वेळेवर असते ती शेजारणीकडे. अधिकाऱ्याला अहवालातून जे सहा महिन्यांनी कळते, ते तिला नळावर त्याच दिवशी कळते. वस्तीपातळीवरील स्वयंसेवेचा सारा आधार हा एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

या आधारावर काय उभे करता येते, याचा देशातील सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग पूर्वीच्या आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात झाला. हैदराबाद विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शांता सिन्हा यांनी एम. व्ही. फाउंडेशनच्या माध्यमातून १९९१ च्या सुमारास तेथे बालमजुरीविरोधी कामाला सुरुवात केली. त्यांचे स्वयंसेवक शहरातून आलेले नव्हते. ते त्याच गावांतील तरुण होते, अनेक जण घराण्यात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेले. संस्थेने एक साधी व्याख्या स्वीकारली: जे मूल पूर्णवेळ शाळेत नाही, ते बालमजूरच. मग ते जमीनदाराकडे कर्जापोटी बांधलेले असो, कपाशीच्या बीजोत्पादनाच्या शेतात परागीकरण करणारी मुलगी असो, की घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी. या व्याख्येमुळे स्वयंसेवकाचे काम सोपे झाले. घरोघर जाऊन त्याला फक्त एकच विचारायचे होते: मूल शाळेत जाते का? कोणाचा गुन्हा किती मोठा, याचा निवाडा करणे त्याच्याकडे नव्हते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या मंडळींनी मालकांना शत्रू ठरवून मोहीम चालवली नाही. गावात बालहक्क संरक्षण मंच उभे राहिले. त्यांत पालक होते, शिक्षक होते, पंचायत सदस्य होते आणि मुले सोडून देणारे मालकही होते. मुलाला थेट वर्गात बसवले तर ते टिकत नाही, हे ओळखून मधल्या काळासाठी निवासी शिबिरे चालवली गेली. शिबिरातून शाळेत गेलेले मूल पुन्हा गळाले, तर त्याचा माग काढायला तोच स्वयंसेवक असे. मूल सोडवणे हा एक दिवसाचा प्रसंग असतो, ते टिकवणे हे वर्षांचे काम; आणि छायाचित्रे मात्र पहिल्याचीच निघतात. शांता सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. प्रयोगाचा आत्मा मात्र पुरस्कारासोबत सरकारी योजनांत उतरला, असे म्हणवत नाही.

योजनांत उतरली ती समिती. २००९ च्या एकात्मिक बालसंरक्षण योजनेने प्रत्येक गावासाठी बालसंरक्षण समिती सांगितली. तिचे अध्यक्षपद ग्रामपंचायतीच्या प्रमुखाकडे. सदस्यांत अंगणवाडी सेविका, शिक्षक, परिचारिका, जिल्हा कक्षाचा प्रतिनिधी, गावातील काही मान्यवर आणि दोन मुले. शहरांत हीच रचना प्रभागासाठी. कागदावर रचना उत्तम आहे, विशेषतः मुलांना दिलेल्या दोन जागा. प्रत्यक्षात, ज्याच्या शेतात किंवा वीटभट्टीवर मुले राबतात तोच समितीचा अध्यक्ष असेल तर काय, याचे उत्तर रचनेत नाही. केरळने याआधीच, १९९७ पासून, राज्य महिला आयोगाच्या पुढाकाराने स्थानिक संस्थांच्या पातळीवर ‘जाग्रता समित्या’ सुरू केल्या होत्या. तिथेही अनुभव संमिश्र राहिला. जिथे पंचायतीने समितीला समुपदेशक आणि बसायला खोली दिली तिथे बायका तक्रार घेऊन आल्या. इतर ठिकाणी फलकापलीकडे फारसे काही उरले नाही.

आता दुसरा प्रश्न: पाहिलेले सांगायचे कोणाला? कायदा येथे बराच स्पष्ट आहे आणि स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात तो सर्वांत आधी सांगितला जायला हवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर केले गेले पाहिजे, असे बालन्याय कायदा सांगतो. पॉक्सोच्या १९ व्या कलमानुसार अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे हे प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर बजावले. त्यामागे निठारीची आठवण होती. नोएडालगतच्या त्या वस्तीतून मुले नाहीशी होत होती, गरीब आई-बाप पोलीस ठाण्यात खेटे घालत होते, आणि डिसेंबर २००६ मध्ये अवशेष सापडेपर्यंत त्यांचे कोणी ऐकले नव्हते. वस्ती जागी होती. झोपले होते ते ठाणे.

स्वयंसेवकाने काय करू नये, हेही तितकेच नेमके सांगावे लागते. मुलाला खोदून खोदून विचारू नये. एकच वेदना चार जणांना चारदा सांगावी लागली की मूल खचते, आणि त्या चार कथनांतील फरक पुढे बचाव पक्षाच्या कामी येतो. छायाचित्र काढू नये, मुलाचे नाव वस्तीच्या गटावर टाकू नये. ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आरोपीकडे जाऊन जाब विचारू नये. पाहावे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, कळवावे आणि मुलाच्या जवळपास राहावे. ऐकायला हे निरुत्साही वाटते. उत्साही माणसांना ते सांगणे कठीण जाते, हेही खरे. पण जमाव आणि स्वयंसेवक यांतील अंतर याच संयमाचे आहे.

आणखी एक गोष्ट, जी चांगल्या संस्थाही संकोचाने टाळतात. मुलांपर्यंत विनाप्रश्न पोहोचता येते म्हणून काही माणसे अशा कामाकडे ओढली जातात. २०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक केली. मात्र या नियमाचा रोख नोकरीतल्या माणसांवर आहे. रविवारी शिकवणी घेणारा, खेळाच्या मैदानावर मदत करणारा बिनपगारी काका या जाळ्यातून सहज निसटतो. आपल्या माणसाची पडताळणी कशी करायची, हा संकोच समजण्यासारखा आहे. वर दिलेल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यापुढे तो टिकत नाही. स्वयंसेवकाची पडताळणी व्हावी, त्याने मुलाला एकट्याने भेटू नये, आणि हा नियम कार्यक्रमाच्या संस्थापकालाही लागू असावा.

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे. त्याचे उत्तर देताना राजस्थानातील भटेरी या गावाचे नाव घ्यावेच लागते. राजस्थान सरकारने १९८४ मध्ये महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावातील एका बाईला ‘साथिन’ म्हणून निवडायचे, तिला प्रशिक्षण आणि किरकोळ मानधन द्यायचे, आणि तिने आपल्या गावात जागृती करायची, अशी ती कल्पना होती. भंवरी देवी भटेरीच्या साथिन होत्या. १९९२ च्या अक्षय तृतीयेला बालविवाह रोखण्याची मोहीम सरकारनेच आखलेली होती. गावातील एका प्रबळ कुटुंबात वर्षाचीही न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. ते थांबवण्याचा प्रयत्न भंवरी देवींनी केला. पोलीस आले आणि गेले, लग्न दुसऱ्या पहाटे लागलेच. राहिल्या त्या एकट्या भंवरी देवी. त्यांच्यावर बहिष्कार पडला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात काम करत असताना त्यांच्यावर, पतीसमक्ष, सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. देशातील लाखो नोकरदार स्त्रियांना त्याचा लाभ झाला. पण मुळातला प्रश्न वेगळा होता. भंवरी देवींचे कामाचे ठिकाण कोणते? कचेरी नव्हे, त्यांचे स्वतःचे गाव, स्वतःचे शेत, पाण्याची वाट. अधिकारी बदली होऊन जातो, पोलिसांची गाडी परत फिरते, स्वयंसेविका मात्र ज्याच्याविरुद्ध माहिती दिली त्याच्या भिंतीला भिंत लावून राहते. २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छेने, विनावेतन काम करणारी व्यक्तीही ‘कर्मचारी’ ठरते. ही तरतूद दूरदृष्टीची आहे. ती किती स्वयंसेविकांना सांगितली गेली असेल? मे २००५ मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बालविवाह थांबवायला निघालेल्या महिला पर्यवेक्षिकेवर तलवारीने वार होऊन तिचे हात तोडले गेले. ती तर पगारी सरकारी कर्मचारी होती.

त्यानंतर कायदा सुधारला, हे मान्य केले पाहिजे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार कोणाच्याही माहितीवरून दंडाधिकारी विवाहाला मनाई करू शकतात, आणि अक्षय तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी खुद्द जिल्हा दंडाधिकाऱ्यालाच प्रतिबंध अधिकारी मानले जाते. म्हणजे आता वऱ्हाडासमोर साथिनीने उभे राहण्याची गरज नाही. उभे राहायचे आहे ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले; पश्चिम बंगाल आणि बिहारमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांवर आहे. एवढा पसारा आदेशांनी आवरणार नाही. पण आदेशाविना तो आवरण्याचे ओझे गावातल्या एका बाईवर टाकणे निर्दयपणाचे आहे.

सरकारची वाटचाल कोणत्या दिशेने आहे? १०९८ या क्रमांकाची कथा येथे उपयोगी पडते. १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका क्षेत्रीय प्रकल्पातून, जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइन सुरू केली. ‘दस-नौ-आठ’ असा मुलांच्या तोंडी सहज बसणारा क्रमांक. पुढे ती देशभर पसरली. तिचे बळ दूरध्वनीत नव्हते. फलाटावर, बसस्थानकावर, झोपडपट्टीच्या चहाच्या टपरीवर ज्यांचे चेहरे मुलांना ओळखीचे होते अशा कार्यकर्त्यांत ते होते. २०२२ च्या मिशन वात्सल्य मार्गदर्शिकेनंतर ही सेवा राज्य सरकारांच्या नियंत्रण कक्षांकडे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्याचे धोरण आले, २०२३ मध्ये हस्तांतर सुरू झाले. सरकारची बाजू अशी की बालसंरक्षण ही अखेर राज्याची जबाबदारी आहे, आणि संकटातील मुलापर्यंत गणवेशातले साहाय्य लवकर पोहोचायला हवे. पहिल्या अर्ध्याशी वाद नाही. दूरध्वनी एका मेजावरून दुसऱ्या मेजावर हलवता येतो. वस्तीतला ओळखीचा चेहरा असा हलवता येत नाही, आणि घाबरलेले मूल बरेचदा त्या चेहऱ्याशीच बोलते.

मिशन वात्सल्यने गावपातळीवर नवी समिती न काढता पंचायतीतील सामाजिक न्याय किंवा महिला-बालकल्याण पाहणाऱ्या विद्यमान समितीकडेच हे काम सोपवण्याची मुभा दिली. समित्यांची संख्या वाढवण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. पण काम शेवटी पडते ते त्याच तीन-चार बायकांवर. अंगणवाडी सेविकेचे केंद्राच्या निकषानुसारचे मासिक मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तिला कर्मचारी म्हणायचे नाही, मानसेवी म्हणायचे, हा आग्रह इतका जुना की ग्रॅच्युइटीचा साधा हक्कही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला. पोषण, लसीकरण, निवडणूक, सर्वेक्षण यांच्या जोडीला आता बालसंरक्षण. स्वयंसेवा हा शब्द जेव्हा पगार टाळण्यासाठी वापरला जातो तेव्हा खऱ्या स्वयंसेवेचीही पत जाते. न्यायालयात पीडित मुलाला सोबत करणाऱ्या ‘साहाय्यक व्यक्तीं’बाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये घेतलेली भूमिका म्हणून महत्त्वाची आहे. ही मदत कुटुंबाच्या मर्जीवर सोडण्याची चैन नव्हे, राज्याने उभी करायची व्यवस्था आहे, असा तिचा आशय होता. हेच तत्त्व वस्तीतल्या स्वयंसेविकेपर्यंत खाली आणायला हवे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ‘बालस्नेही गाव’ ही पंचायतींच्या विकास आराखड्यासाठी केंद्राने ठरवलेल्या नऊ संकल्पनांपैकी एक आहे. कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा भरतात आणि तिथे मुले उठून शाळेच्या वाटेवरचा बंद दिवा, दारूचे दुकान, न जाता येणारे शौचालय यांबद्दल बोलतात. मोठ्यांच्या समितीला ज्या जागा दिसत नाहीत त्या मुलांना नकाशासारख्या पाठ असतात. अशा सभेत समितीच्या नोंदवहीचे वाचन व्हावे: मागील बैठक कधी झाली, किती गोष्टी कळल्या, किती कळवल्या, जिल्हा कक्षाकडून किती दिवसांत माणूस आला. माहिती देणाऱ्याचे नाव त्या वहीत असू नये. आराखड्यात स्वयंसेविकेच्या प्रवासखर्चाची आणि विम्याची तरतूद असावी, आणि तिच्याजवळ तालुक्याच्या ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचा, रात्री दोन वाजताही उचलला जाणारा क्रमांक असावा. असा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमण्याची तरतूद बालन्याय कायद्याच्या १०७ व्या कलमात आहे. त्याचे नाव गावात किती जणांना ठाऊक आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारून पाहता येईल.